बेबीनंदाच्या नावानं गेलेले मेल

माझी बायको बेबीनंदा जाऊन सात आठवडे झाले होते. गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. मी खोलीत येऊन बसलो आणि पाच मिनिटांत उठलो. त्या दिवसांत माझं असंच चाललं होतं. खुर्चीत बसलं की उठावंसं वाटायचं. उठून खिडकीपाशी, तिथून खाली चहाला, चहा अर्धा टाकून परत वर. एक काम धरलं की दुसरं आठवायचं आणि पहिलं तसंच राहायचं.

माझं काम म्हणजे वेबसाइट सांभाळणं. आम्ही मूळ घनसावंगीकडचे. जुन्या जालन्यात आलो तेव्हा टायपिंगचा क्लास काढला, मग इंटरनेट कॅफे, आता हे. खाली जिनेंद्रशेठचं कापडाचं ठोक दुकान आहे आणि वर माझी खोली. एक सर्व्हर भाड्यानं घेतला आहे, त्याच्यावर आठ वेबसाइट चालतात. ठिबकच्या पाइपवाल्याची आहे, मंठ्याच्या एका शाळेची आहे, शेठच्या दुकानाची आहे. एक जैन समाजाच्या परिचय संमेलनाची आहे. आणि सगळ्यात पहिली बेबीनंदाची. ती घरी कुरडया, शेवया, सांडगे करून विकायची. सर्व्हर घेतला तेव्हा शिकायचं म्हणून तिचीच वेबसाइट आधी करून बघितली होती.

मी चहाला उतरणार तेवढ्यात कनिका जिना चढून आली. कनिका म्हणजे जिनेंद्रशेठची मुलगी. शेठ संमेलनाच्या समितीचे अध्यक्ष, पण खरं काम ही करते. हातात वही होती.

"काका, बिझी आहात का?"

"न्हाई. बोल ना."

"मंठ्याहून श्रेणिकजींचा फोन आल्ता. मुस्कानचे पप्पा. विचारत होते, मुस्कानचं नाव पुस्तिकेत आहे ना. मी म्हणलं, तुमची संमतीच आली न्हाई. तर ते भडकलेच. म्हणले, मी तीनदा पाठवली. तुमच्या मॅडमला."

"कोणत्या मॅडमला?"

कनिका वहीकडं बघत म्हणाली, "बेबीनंदा मॅडमला."

मी उभा होतो तो तसाच राहिलो.

संमतीचं सांगतो. परिचय संमेलनात लग्नाच्या मुलामुलींची पुस्तिका छापतात. वेबसाइटवर नाव नोंदवलं की समाजाकडून मेल जातो, आणि त्याला घरच्या कर्त्या माणसानं संमती आहे असं लेखी उत्तर दिलं तरच नाव छापलं जातं. दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं परस्पर नाव दिलं आणि तिच्या काकांनी भर मंडपात पुस्तिका फाडली, तेव्हापासून हा नियम आहे. व्हॉट्सअॅपवर उत्तर चालत नाही. तिथून मुलींचे फोटो कुठल्या कुठं गेले होते. फक्त मेल.

"किती संमत्या आल्यात?" मी विचारलं.

"नोंदणी एकशे चाळीस. संमत्या अकरा. पहिल्या चार दिवसांत अकरा आल्या, मंग एकदम बंद. पप्पा म्हणून राह्यले, लोकांना इंटरेस्ट न्हाई. संमेलन रविवारी आहे काका. प्रेसवाला म्हणला, आज पाचपर्यंत द्या, न्हाई तर पुस्तिका सोमवारी घ्या."

मला काय झालं ते तिथल्या तिथं कळलं होतं.

सर्व्हर स्वतः मेल पाठवत नाही. त्याच्यावर एक छोटा प्रोग्राम असतो. वेबसाइट त्याच्या हातात मेल देते आणि तो बाहेरच्या मेल कंपनीकडं नाव-पासवर्ड सांगून तो पुढं देतो. कोणत्या नावानं जायचं ते एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. खरं म्हणजे दर डोमेनचं वेगळं खातं लिहायचं, आणि प्रत्येक वेबसाइटला सांगायचं की तुझं खातं हे. वेबसाइटनं काहीच सांगितलं नाही तर प्रोग्राम डिफॉल्ट खातं वापरतो. माझ्या फाईलमध्ये खातं एकच होतं. बेबीनंदाचं. बाकीच्या वेबसाइट नंतर येत गेल्या आणि मी त्यांना त्याच खात्यातून जाऊ दिलं. मेलवर नाव त्या त्या दुकानाचं दिसायचं, त्यामुळं कोणाला काही कळायचं नाही, आणि उत्तरंही बराबर ज्याची त्याला जायची.

मग मेल कंपनीनं नियम बदलला. ज्या खात्यानं लॉगिन केलं त्याच पत्त्यानं मेल गेला पाहिजे. तिची सोडून बाकीच्या सातही वेबसाइटचे मेल अडकले. त्या दिवशी बारा तारीख होती आणि मी संभाजीनगरच्या दवाखान्यात वॉर्डबाहेरच्या बाकावर होतो. बेबीनंदाला कावीळ म्हणून नेलं होतं, तोवर लिव्हर गेलेलं होतं. मी मांडीवर लॅपटॉप घेतला आणि फाईलमध्ये एक ओळ टाकली: जो मेल जाईल त्याच्यावर खात्याचाच पत्ता छाप. मेल सुटले. घरी गेलो की नीट करू म्हटलं. वीस तारखेला तिला घेऊन घरी आलो आणि ती ओळ माझ्या डोक्यातून गेली ती गेलीच. बाकीच्या दुकानांचं सगळं फोनवर चालतं, त्यामुळं कोणी ओरडलं नाही.

म्हणजे आठ आठवडे समाजाचे मेल बेबीनंदाच्या नावानं जात होते, आणि उत्तरं तिच्या इनबॉक्समध्ये पडत होती. तो इनबॉक्स मी उघडला नव्हता. तिचा फोनसुद्धा मी चार्जिंगला लावला नव्हता.

"काका, ते मेल काढता येतील ना?" कनिकानं विचारलं.

"पासवर्ड तिच्यापाशीच होता," मी म्हणालो.

हे खोटं होतं. पासवर्ड त्या फाईलमध्येच लिहिलेला होता आणि तो मीच लिहिला होता.

कनिकानं वही मिटली. मग म्हणाली, "मंग कसं करायचं?"

"सगळ्यांना परत मेल पाठवतो. आता समाजाच्याच पत्त्यावरून. तासाभरात उत्तरं येतील."

ती गेली. मी खुर्ची ओढली, बसलो, उठलो, पंखा लावला, परत बसलो. फाईल उघडली. वरच बेबीनंदाचं खातं. त्याच्या खाली समाजाचं खातं लिहिलं, मग शेठच्या दुकानाचं, मग शाळेचं. पत्ता, पासवर्ड, खात्याचं नाव. बाकीची सातही लिहिली. मग एकेका वेबसाइटच्या सेटिंगमध्ये जाऊन सांगितलं की तू हे खातं वापर. चार-पाच वर्षांपूर्वी करायचं काम होतं. फार तर दोन तासांचं. शेवटी डिफॉल्टची ओळ राहिली. तिथं तिचं नाव होतं. ते काढून कोणाचं टाकायचं हे मला सुचेना. मी खिडकीपाशी गेलो. खाली हमाल गाठी उतरवत होते. परत आलो आणि ती ओळच पुसून टाकली. आता ज्या वेबसाइटला खातं सांगितलेलं नसेल तिचा मेल जाणार नाही. थांबेल आणि मला कळेल. तेच बरं.

समाजाच्या वेबसाइटवरून एक मेल मलाच पाठवून बघितला. गेला नाही. फाईल वाचायची परवानगी नाही म्हणे. आता त्या फाईलमध्ये आठ पासवर्ड झाले म्हणून कोणालाही वाचता येऊ नये अशी मी ती मघाशीच आवळली होती, आणि समाजाची वेबसाइट ज्या युजरच्या नावानं चालते त्याला तिचा हक्क द्यायचा राहिला होता. तो दिला. परत पाठवला. मेल आला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी समाजाचं नाव होतं. मी दोनदा वाचलं.

बारा वाजून गेले होते. उरलेल्या एकशे एकोणतीस घरांना मेल पाठवले: कृपया संमती पुन्हा कळवावी, आज चारपर्यंत. आणि फेऱ्या मारत बसलो. चहाला गेलो. परत आलो. कनिकाला फोन केला.

"किती?"

"सहा."

अर्ध्या तासानं परत केला. "नऊ काका. आणि एकानं लिहिलंय, दिलेली संमती परत विचारून राह्यले, समाज झोपलाय काय."

लोक दुकानात असतात, शेतावर असतात. दुपारी कोण मेल बघतो? अडीच वाजता चौदा झाल्या होत्या. जेवण तसंच डब्यात होतं.

तीनला जिनेंद्रशेठ स्वतः जिना चढून आले. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, ते वर सहसा येत नाहीत. आले ते दारातच कठडा धरून उभे राहिले.

"क्या काकासाहेब. माझ्या समाजाची सगळी पोरं तुम्ही कुरडयांच्या दुकानात नोंदवून टाकली."

"चुकलं शेठ."

"चुकलं तर चुकलं. श्रेणिक तिकडून ओरडून राह्यला. परतूरवाले म्हणतात, जिनेंद्रनं मुद्दाम आमच्या पोरी गाळल्या. मागच्या खेपेला माझ्या भाच्याचं नाव पहिल्या पानावर आल्तं ना, ते अजून काढतात. आता शंभर घरं गाळून पुस्तिका निघाली तर मी मंदिरात तोंड कसं दाखवू?" ते खुर्चीत बसले. "कनिका म्हणली, पासवर्ड न्हाई."

मी उठून पंखा वाढवला.

"काकासाहेब, मी कापडवाला माणूस. मला कॉम्प्युटरचं कळत न्हाई. पण एवढं कळतं, तुमच्या सर्व्हरची चावी तुमच्यापाशी न्हाई असं होत न्हाई."

"पासवर्ड आहे," मी म्हणालो.

"मंग?"

"उघडवत न्हाई."

शेठनी हातातला रुमाल दोनदा घडी केला, मोडला. "माझी पुष्पा गेली तेव्हा मी तिचं कपाट सव्वा वर्ष उघडलं न्हाई," ते म्हणाले. "मी तुम्हाला उघडा म्हणत न्हाई. पासवर्ड लिहून द्या. कनिका खाली बसून बघंल. तुम्ही चहा पिऊन या."

मी कागद घेतला. पासवर्डची चार अक्षरं लिहिली आणि थांबलो. त्या इनबॉक्समध्ये संमत्याच असतील असं कोणी सांगितलं होतं? तिचं तिच्या बहिणीशी काय बोलणं असेल, दवाखान्याचे रिपोर्ट असतील, मलाही माहीत नाही असं काही असेल. ते दुसऱ्या कोणी वाचायचं हे मला सहन झालं नसतं.

"न्हाई शेठ. मीच बघतो. तुम्ही बसा फक्त."

"बसलोय ना. गुडघा कुठं जाऊ देतोय."

मी उघडला.

न वाचलेले मेल नऊशेच्या वर होते. वरून खाली जायला लागलो. पाइपवाल्याला कोणीतरी भाव विचारलेला. शाळेला कोणीतरी प्रवेशाचं विचारलेलं. आणि त्यांच्यामध्ये समाजाची माणसं. माझ्या बायकोला कधीही न बघितलेली माणसं तिला लिहीत होती. बेबीनंदाजी, सादर जय जिनेंद्र, माझ्या मुलाच्या नावाला माझी संमती आहे. मॅडम, माझ्या वडिलांचं वय शहाऐंशी आहे, ते टाइप करू शकत नाहीत, त्यांच्या वतीनं मी लिहितो, चालेल का? श्रेणिकजींचे तीन होते. पहिल्यात संमती, दुसऱ्यात मिळाली का कळवा, तिसऱ्यात, मॅडम आपण उत्तर देत नाही, आमच्याकडून काही चुकलं का?

"काय म्हणतात?" शेठनी विचारलं.

"विचारतात, चुकलं का म्हणून."

"श्रेणिक? तो असं बोलतो? माझ्याशी कधी बोलला न्हाई."

मी एकेक संमती कनिकाकडं पुढं पाठवत होतो. वीस, चाळीस, साठ. खालून ती फोनवर मोजत होती. शंभरावर गेल्यावर म्हणाली, "काका, बास, प्रेसवाल्याला मी टाइप करून देत राहते, तुम्ही पाठवत राहा." चार वाजले होते. तारखा मागं मागं जात होत्या. मी वीस तारखेपर्यंत आलो आणि हात थांबला. त्याच्या खालचे मेल त्या दिवसाच्या आधीचे होते. म्हणजे ती असतानाचे.

मला तिथं थांबायचं होतं. पण नोंदणी तेरा तारखेला सुरू झाली होती. तेरापर्यंत मागं जाणं भाग होतं.

सतराच्या खाली गेलो तर संमत्या होत्या, पण सगळ्या वाचलेल्या. एकूण अकरा. प्रत्येकीच्या शेजारी पुढं पाठवल्याची खूण होती. तिनं पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन बघितलं. तेरा, चौदा, पंधरा, सोळा तारीख. समाजाच्या पत्त्यावर अकरा मेल, आणि प्रत्येकाच्या वर तिची एकच ओळ: हे तुमचं आहे, चुकून माझ्याकडं आलं.

कनिकाच्या वहीतल्या अकरा संमत्या त्या होत्या. वरची ओळ कनिकानं बघितली नसेल, खालचं नाव तेवढं उतरवलं असेल. सतरा तारखेला तिला आयसीयूत हलवलं आणि फोन माझ्याकडं दिला. मी तो बंद करून पिशवीत टाकला.

"शेठ," मी म्हणालो, "त्या अकरा तुमच्याकडं आपोआप आल्या न्हाईत. तिनं पाठवल्या. कॉटवरून."

"तुम्हाला बोलल्या न्हाईत?"

बोलली होती. चौदा तारखेला मी आत गेलो तेव्हा म्हणाली होती, "अहो, कोणाच्या तरी लग्नाचे मेल मला येऊन राह्यलेत." मी म्हणालो, "बघतो." मला वाटलं गोळ्यांमुळं काहीतरी बोलत असेल. नंतर ती परत बोलली नाही. हातात सलाइन होतं, दुसऱ्या हातानं करत राहिली असेल.

हे मी शेठना सांगितलं. त्यांनी रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाले, "मी आणि कनिका तुम्ही दवाखान्यात असताना नावं ठेवत होतो तुम्हाला. वेबसाइट बराबर चालत न्हाई म्हणून. आणि त्या बाई तिकडून आमचं काम करून राह्यल्या होत्या."

पावणेपाचला कनिकाचा फोन आला. एकशे एकोणीस झाल्या. उरलेल्या घरांनी उत्तरच दिलं नव्हतं, ते त्यांचं ते. प्रेसवाल्यानं फाईल घेतली होती.

मी उठलो आणि फेऱ्या मारायला लागलो. शेठ म्हणाले, "बसा ना आता. झालं की."

"न्हाई झालं. रविवारी ही सगळी माणसं येतील आणि विचारतील, बेबीनंदा मॅडम कुठायत."

शेठनी मान हलवली. "बरोबर. मंग एक मेल टाका समाजाकडून. लिहा, तांत्रिक अडचणीमुळं..."

मी बसलो आणि ते टाइप केलं. तांत्रिक अडचणीमुळे आपणास. एवढं लिहून पुसलं. सात आठवड्यांत मी ही गोष्ट कोणाला लिहून कळवली नव्हती. गावाकडं भावानं कळवलं, नातेवाइकांना त्यांचं त्यांना कळलं. माझ्या फोनमध्ये कुठंही ते वाक्य नव्हतं. शेठ बघत होते. मी लिहिलं:

"नमस्कार. आपल्याला बेबीनंदा या नावानं मेल आले, ती माझी बायको. ती समाजाचं काम करत नव्हती. माझ्या चुकीमुळं समाजाचे मेल तिच्या खात्यातून गेले. ती गेल्या महिन्यात वीस तारखेला दवाखान्यात वारली. आपण तिला लिहिलेली उत्तरं तिनं वाचली नाहीत, म्हणून आपल्याला उत्तर आलं नाही. आपलं काही चुकलं नाही. पहिल्या अकरा जणांची उत्तरं तिनं वाचली आणि जिथं पोहोचवायची तिथं पोहोचवली. आज आपली संमती समाजाला मिळाली आहे. इथून पुढं समाजाच्या पत्त्यावर लिहावं. काकासाहेब."

शेठनी वाकून वाचलं. तारीख बघितली, बोटांवर मोजलं. "सात आठवडे म्हणजे मागच्या महिन्यात कसं? त्याच्या मागच्या."

मी महिना दुरुस्त केला.

"बाकी ठीक आहे," ते म्हणाले. "समाजाच्या नावानं टाका."

"न्हाई. त्यांनी तिला लिहिलं होतं. उत्तर तिच्या पत्त्यावरून जाऊ द्या. एवढं एकच."

शेठ गुडघा धरून उठले. "टाका," म्हणाले.

आता डिफॉल्ट नव्हतं. खातं सांगितल्याशिवाय तो प्रोग्राम मेल घेणार नव्हता. इतकी वर्षं तिचं नाव न सांगता जात होतं, मी ते कधी टाइपही केलं नव्हतं. आता एकेक अक्षर हातानं टाकलं, बरोबर आहे का बघितलं आणि पाठवलं. एकेक मेल जायला लागला. मी मध्ये उठलो नाही.

शेठ कठडा धरून खाली उतरायला लागले होते. पहिलं उत्तर चार मिनिटांनी आलं, तिच्याच इनबॉक्समध्ये, मंठ्याहून श्रेणिकजींचं. मी ते लगेच उघडलं.